फत्तेखानाची जागा : महाडच्या संग्रामाचे लेखन आणि आपल्या साहित्यातील नागरिक

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या साहित्याची चर्चा काही ठरावीक प्रश्नांभोवती फिरत आली आहे. हे साहित्य वेगळे का मानायचे, त्याची भाषा कोणती, त्यातली अस्मिता धार्मिक की सांस्कृतिक, मराठी समीक्षेने त्याची दखल का घेतली नाही, असे हे प्रश्न आहेत. ते रास्त होते आणि अजूनही आहेत. पण आणखी एक प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारलेला नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांत, आत्मकथनांत माणूस नागरिक कसा होतो? अन्याय सोसणारा माणूस आपल्याकडे भरपूर आहे. धर्माच्या चौकटीशी झगडणारा माणूसही आहे. पण अर्ज लिहिणारा, सभेत उभा राहून बोलणारा, ठरावावर हात वर करणारा, हरल्यावर पुन्हा तयारीला लागणारा माणूस आपल्या लेखनात किती वेळा भेटतो?

घटनेने २६ जानेवारी १९५० पासून आपल्या सर्वांना समान हक्क दिले. पण हक्क मिळणे वेगळे आणि तो वापरण्याची सवय लागणे वेगळे. ही सवय कुणाच्या रक्तात नसते. ती लागते कशी, हे सांगणे हे जसे राज्यशास्त्राचे काम आहे तसेच ते साहित्याचेही आहे. कारण ती माणसाच्या मनात घडणारी गोष्ट आहे.

पोलादपुरात राहून या प्रश्नाचा विचार करणाऱ्याला उदाहरणासाठी लांब जावे लागत नाही. महामार्गाने अठरा-वीस किलोमीटरवर महाड आहे आणि महाडात चवदार तळे आहे. १९२७ च्या त्या संग्रामावर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्यातले एक पुस्तक मला आपल्या चर्चेसाठी फार महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे 'दलित व कम्युनिस्ट चळवळीचा सशक्त दुवा : कॉम्रेड आर. बी. मोरे'. रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ साली झाला आणि ते महाडजवळच्या लाडवलीचे. डॉ. आंबेडकरांना महाडला बोलावण्यात आणि १९ व २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले; १९७२ साली त्यांचे निधन झाले. आत्मकथन त्यांच्या हातून अपुरे राहिले. पुढचे चरित्र त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी लिहून पुस्तक पुरे केले. वंदना सोनाळकर यांचा इंग्रजी अनुवाद अनुपमा राव यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाल्यावर या पुस्तकाकडे अभ्यासकांचे नव्याने लक्ष गेले. मुस्लिम मराठी वाचकांनी मात्र ते आपले पुस्तक म्हणून वाचलेले नाही. ते तसे वाचावे असे मला वाटते.

तळ्याआधीची वाट

महाडचा संग्राम आपण साधारणपणे एका चित्रात पाहतो. बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरतात, ओंजळीने पाणी पितात आणि त्यांच्यामागून हजारो लोक पितात. चित्र खरे आहे. पण त्यामुळे असा समज होतो की लोक त्या दिवशी, त्या क्षणी जागे झाले. मोऱ्यांचे आत्मकथन हा समज मोडून काढते. तळ्यापर्यंतची वाट किती लहान लहान पावलांची होती हे ते दाखवते.

शिष्यवृत्ती मिळवलेल्या या मुलाला शाळेत जातीमुळे प्रवेश नाकारला गेला. त्याने गप्प न बसता पत्र लिहून दाद मागितली आणि शाळेला त्याला घ्यावे लागले. तेही इतरांपासून वेगळे बसवूनच. म्हणजे विजय अर्धाच होता. पण सत्तेला लिहिता येते, लिहिले तर कधी कधी उत्तर द्यावे लागते, हे त्या वयात कळणे फार मोठे होते. पुढे महाडच्या बाजारात अस्पृश्यांना बसायला, चहा-पाणी घ्यायला जागा नाही म्हणून आपल्या माणसांचे दुकान निघाले. तिथे खेड्यापाड्यांतून बाजारासाठी, कचेरीच्या कामासाठी येणारी माणसे टेकू लागली, गाऱ्हाणी सांगू लागली. कुणी अर्ज लिहून घेऊ लागले. एका गावचे गाऱ्हाणे दुसऱ्या गावाला कळले, तेव्हा ते एकट्याचे नशीब राहिले नाही, सगळ्यांचा प्रश्न झाला.

मोऱ्यांच्याही मागे एक परंपरा होती. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही प्रश्नावलीसारखी पुस्तिका काढून त्यांनी धर्ममार्तंडांना जाब विचारला. १८९५ साली त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांना ते सहन झाले नाही आणि प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले. म्हणजे तळ्याच्या ३२ वर्षे आधी या तालुक्यात एक महार पेन्शनर सार्वजनिक सभेच्या खुर्चीवर हक्क सांगून बसला होता. लेखणी आणि सभासदत्व ही दोन्ही हत्यारे कशी चालवायची हे त्याने मागच्यांना दाखवले होते.

अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई हे बाबासाहेबांचे शिक्षक होते. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे आणि ती प्रत्यक्ष कृतीतूनच शिकता येते, हा ड्युईंच्या विचाराचा गाभा. 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा त्यांचा ग्रंथ १९१६ सालचा. तो ग्रंथ न वाचलेली महाड तालुक्यातली माणसे तोच धडा बाजारातल्या एका चहाच्या दुकानात गिरवत होती.

ठराव, यादी आणि कोर्ट

महाडच्या प्रकरणात नगरपालिका, कायदेमंडळ आणि न्यायालय ही तिन्ही ठिकाणे येतात. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. सुरेंद्रनाथ उर्फ सुरबा टिपणीसांसारख्या सुधारकांच्या महाडात नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला. तळ्यावर मात्र तीन वर्षे कुणी गेले नाही. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी पिण्याचे पाणी सवर्णांकडून ४० रुपयांचे विकत घ्यावे लागले, असे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. ठराव आणि पाणी यांच्यामधले अंतर ते हेच.

२० मार्चला लोक तळ्यावर गेले आणि त्यानंतर हल्ला झाला. पण पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बहुमताने दिलेला हक्क बहुमताने काढून घेतला. मतदान झाले म्हणजे लोकशाही झाली असे मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर ती विसरूच नये.

डिसेंबरच्या २५ ते २७ तारखांना पुन्हा परिषद भरली. आदल्या पंधरवड्यात सनातन्यांनी तळे खाजगी असल्याचा दावा करून कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. सगळ्यांच्या लक्षात राहते ते हेच. मला त्यानंतरचे दोन दिवस अधिक विचार करण्याजोगे वाटतात. मनाई मोडून तळ्यावर जायचे की नाही यावर मंडपात वाद झाला. कलेक्टरला मंडपात येऊन आपले म्हणणे मांडू दिले गेले. तुरुंगात जायला तयार असणाऱ्यांची नावे लिहून घेतली, ती भरली ३८८४. आणि एवढी माणसे तयार असताना, न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करावा असा प्रस्ताव बाबासाहेबांनी मांडला आणि सभेने तो स्वीकारला. लोक शिस्तीने शहरातून मिरवणूक काढून परतले.

नाव लिहून देणे ही साधी गोष्ट नव्हती. गावी खोताची जमीन कसणारा, पाटलाच्या दारात राबणारा माणूस आपले नाव सरकारजमा होईल अशा यादीत लिहून देत होता. आणि दुसऱ्या दिवशी, मन पेटलेले असताना, पटलेल्या युक्तिवादापुढे थांबत होता. धाडस आणि संयम हे दोन्ही एकाच माणसात एका रात्रीत आले नसणार. मागची सगळी वर्षे त्यात होती. पुढे तर दहा वर्षे कोर्ट चालले. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ चा. तारखा, वकील, पुरावे, अपील हेही नागरिकाचे शिक्षण आहे. त्यात नाट्य नसल्यामुळे साहित्यिक त्याकडे वळत नाहीत.

मोऱ्यांच्या पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांच्या स्वतःच्या लेखणीतला भाग माणसांनी भरलेला आहे. गाव, नातेवाईक, मुंबईच्या चाळी, पेन्शनर, मजूर असे सारे त्यात वावरतात. चिरंजिवांनी लिहिलेला भाग कष्टाने जमवलेला असला तरी तिथे संघटना, मोर्चे, अधिवेशने पुढे येतात आणि माणूस थोडा मागे सरतो. चळवळीच्या चरित्रांत हे बहुधा होते. माणूस कार्यकर्ता झाला की तो घडत असतानाची धडपड लेखकाला दिसेनाशी होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने पुस्तकाचा अपुरा भागच अधिक पुरा आहे.

एका ओळीतला फत्तेखान

आता आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. मार्चच्या हल्ल्यात मार खाणाऱ्या कित्येकांना महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. महाडच्या इतिहासात हे दोन्ही उल्लेख येतात, आणि बहुतेक वेळा एकेका ओळीत संपतात.

आपल्या व्यासपीठांवर मात्र या ओळी वारंवार ऐकू येतात. दलित-मुस्लिम ऐक्याचा विषय निघाला की फत्तेखानाचे नाव घेतले जाते, टाळ्या पडतात आणि भाषण पुढे जाते. आपण त्या माणसाचे प्रमाणपत्र केले आहे. 'आम्हीही तेव्हा तुमच्याबरोबर होतो' एवढे सिद्ध करण्यापुरता तो आपल्याला हवा असतो. त्याने जागा देण्यापूर्वी घरात काय बोलणे झाले असेल, शेजाऱ्यांनी काय म्हटले असेल, बाजारातल्या देण्याघेण्यावर त्याचा काय परिणाम झाला असेल, जमातीतल्या वडीलधाऱ्यांनी 'हा त्यांचा आपसातला तंटा आहे, आपण कशाला पडायचे?' असे म्हटले असेल का, हे विचारणारी कथा माझ्या वाचनात नाही. एवढा मोठा विषय आपल्या दारात पडून आहे आणि आपण त्याच्यावरून भाषणे करत ये-जा करतो.

आसरा देणे आणि जागा देणे यांत फरक आहे, तो लेखकाने ओळखला पाहिजे. जखमी माणूस दाराशी आला की दार उघडणे ही माणुसकी आहे, आपल्या दीनची शिकवणही तीच आहे. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. जागा देण्याचा निर्णय मात्र थंड डोक्याने घेतलेला असतो. मार्चमध्ये गावात काय झाले हे पाहिल्यानंतर, डिसेंबरमध्ये काय होऊ शकते हे माहीत असताना, दुसऱ्याच्या हक्कासाठी आपली जमीन देणे ही सार्वजनिक भूमिका आहे. आपल्या पाण्याचा प्रश्न नसताना पाण्याच्या प्रश्नात उभे राहणे, इथून माणूस नागरिक होऊ लागतो.

पण हे लिहिताना आणखी एक पान उलटावे लागेल. कोकणात खोत केवळ हिंदू नव्हते, मुस्लिम खोतही होते. तसेच मुस्लिम कुळेही होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती कायद्याने गेली ती पुढे १९४९ च्या कायद्याने. या काळात मुस्लिम खोताच्या माजघरात काय चालले होते आणि मुस्लिम कुळाच्या झोपडीत काय चालले होते? दोघे एकाच सफीत नमाज पढत होते आणि वसुलीच्या दिवशी समोरासमोर येत होते. फत्तेखान सांगणाऱ्या साहित्याने हा खोतही सांगावा. नाहीतर आपला इतिहास ही केवळ आपल्या चांगुलपणाची यादी होईल.

आपल्या पुस्तकांतला माणूस

हमीद दलवाई हे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्यांची 'इंधन' ही कादंबरी १९६५ सालची. मुंबईहून बऱ्याच वर्षांनी गावी परतलेल्या नायकाच्या नजरेतून कोकणातल्या गावात पेटत जाणारा तणाव तिने दाखवला. दलवाईंच्या वैचारिक भूमिकेशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद आहेत आणि ते असू शकतात. पण कोकणी मुसलमानाचे गाव इतक्या निर्भीडपणे मराठीत आणणारी दुसरी कादंबरी सहज सांगता येत नाही. तरी तिचा नायक मुख्यतः साक्षीदार आहे. समजून घेणे त्याला जमते. गावाला एकत्र बसवेल अशी सभा, पंचायत, संस्था त्याच्या हाताशी नाही. ही कादंबरीची उणीव म्हणायची की त्या काळच्या गावाची? मला वाटते, बहुतांशी गावाची. पण नंतरच्या लेखकांनी हा साक्षीदार नायक जसाच्या तसा उचलला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर आपल्याकडे जे लेखन झाले त्यात वेदना अस्सल आहे. पण नायक खिडकीतून पाहतो, पळतो, वाचतो किंवा मरतो. श्रीकृष्ण आयोगापुढे साक्ष द्यायला जाणारा माणूस आपल्या कथेत का आला नाही? त्या साक्षीला किती धैर्य लागले असेल!

याउलट मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन पाहावे. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांनी तोंडी तलाकाविरुद्ध विधिमंडळावर मोर्चा नेला. त्या मोर्चाबद्दल मत काहीही असो. घराबाहेर पडून, रस्त्यावर येऊन, राज्यकर्त्यांना निवेदन देणे ही कृती नागरिकाची होती. मेहरुन्निसाबाईंचे कथन साधे, बोलल्यासारखे आहे. नवऱ्याच्या कामामागे उभी असलेली स्त्री हळूहळू ते काम आपले मानून त्याच्या मृत्यूनंतरही चालवते, हा प्रवास त्यात आहे. मोऱ्यांच्या आत्मकथनाशेजारी हे पुस्तक ठेवून वाचले तर दोन अगदी वेगळ्या घरांतून नागरिक कसे घडले ते दिसते. मोठ्या विचारापेक्षा छोट्या कृतीने आधी बदल झाला, हे दोन्हीकडे सारखे आहे.

जमात, ग्रामसभा आणि कागद

कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्याकडे स्वतःची एक संस्था पूर्वीपासून आहे, ती म्हणजे जमात. तिला अध्यक्ष असतो, सेक्रेटरी असतो, वर्गणी असते, हिशेब वाचला जातो, तंटे बसून मिटवले जातात. गावच्या जमातीची मुंबईत शाखा असते आणि आखातातून पैसे येतात. निवड, हिशेब आणि वाद यांचे पहिले शिक्षण आपल्या मुलांना इथेच मिळू शकते. पण तिथे बाया नसतात, तरुणाला बोलू दिले जात नाही आणि मोहल्ल्याबाहेरचा प्रश्न 'आपला' मानला जात नाही. मोऱ्यांच्या काळात कोकणातल्या महारांचीही मुंबईत अशीच गावकीची मंडळे होती. त्यांतून चळवळ उभी राहिली, कारण त्यांचे तोंड गावच्या पाणवठ्याकडे, शाळेकडे, कचेरीकडे वळले. आपल्या जमातीचे तोंड ग्रामसभेकडे कधी वळते का, हा कथाकाराने तपासण्याचा विषय आहे. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. त्या जागांवर निवडून आलेल्या मुस्लिम स्त्रियाही आहेत. सही नवरा करतो असे म्हणून आपण हसतो. पण दुसऱ्या वर्षी ती स्वतः सही करू लागते तेव्हा काय घडलेले असते, हे कुणी लिहिले?

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या, महाड शहर पाण्याखाली गेले. अशा वेळी मोहल्ल्यांतून अन्न, कपडे, माणसे निघतात. खिदमतीत आपण कमी पडत नाही. पण मदत वाटून झाली की दुसरे काम सुरू होते. पंचनामा नीट झाला का, यादीत कुणाचे नाव गळले, पुनर्वसनाची जागा कुठली, पुढच्या पावसाआधी कोणते डोंगर धोक्याचे ठरवले? मदत दयेपोटी मिळते. या प्रश्नांची उत्तरे मात्र हक्काने मागावी लागतात, आणि आपल्यासाठी नव्हे तर दरडीखालच्या वाडीसाठी मागावी लागतात. फत्तेखानाचे काम आज करायचे झाले तर ते असे दिसेल.

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्वाचा दुरुस्ती कायदा झाला, तेव्हा घरोघरी जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. शाळेचे दाखले, सातबारे, आजोबांची मतदारयादी शोधणे सुरू झाले. नागरिकत्व म्हणजे कागद, अशी भीती मनात बसली. त्याच दिवसांत मुंबईत नागपाड्याच्या मोरलँड रोडवर बायका रस्त्यावर बसल्या, ठिकठिकाणी घटनेची उद्देशिका वाचली गेली. जानेवारी ते मार्च २०२० चे ते दिवस करोनाने संपले. त्यावर कविता पुष्कळ झाल्या. पण रोज घरचा स्वयंपाक उरकून तिथे येऊन बसणारी बाई नंतर घरी परतली, तेव्हा ती तीच राहिली का? तिने वॉर्डातल्या नळाबद्दल नगरसेवकाला गाठले का? मुलीच्या शाळेच्या सभेत तोंड उघडले का? कवितेने तिचा राग टिपला. पुढचे काम गद्याचे आहे आणि ते व्हायचे आहे.

आपल्या लेखकांकडून मागणे एवढेच आहे. मुसलमान चांगला आहे किंवा पीडित आहे हे सिद्ध करण्याचे ओझे थोडा वेळ खाली ठेवावे. मोऱ्यांनी लिहिले तसे आपल्या तालुक्यातल्या माणसाने पहिला अर्ज कधी लिहिला, पहिल्यांदा सभेत कधी बोलला, कुठे घाबरला आणि कुणाच्या सोबतीने पुन्हा उभा राहिला, हे नावगावासह लिहावे. सुरुवातीला महाडच्या फत्तेखानाची एक दीर्घकथा कुणी लिहावी. पुढच्या अंकाच्या संपादकांनी ती आवर्जून मागवावी.